झड लागली की

भंडारा-गोंदियाकडे श्रावणात झड लागली की दिवसचे दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. कॅमेरेवाले अशा वेळी घरी बसतात. त्यांचा हंगाम डिसेंबरचा: कोवळं ऊन, बदकांचे थवे. मी मात्र मामा तलावांवर जाते ती याच दिवसांत. (माजी मालगुजारी तलावांचं हे बोलीतलं नाव. कोहळी समाजानं ब्रिटिश यायच्या आधी बांधलेले हे तलाव अजून धानाला पाणी पाजतात.) हवा खराब असते ती आपल्यासाठी, पाखरांची तर तेव्हा लगीनसराई असते.

कमळपक्ष्याचंच घ्या. हिवाळ्यात तो मळकट, आखूड शेपटीचा. चटकन ओळखूही येत नाही. पावसाळ्यात त्याची मान मागून सोनेरी होते, अंग काळपट तपकिरी, पंख पांढरेशुभ्र, मागे खाली वाकलेली लांबलचक शेपटी. बोटं पसरून तो शिंगाड्याच्या वेलींवर चालतो तेव्हा पान जेमतेम दबतं. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं बापाकडे. पाणी चढलं तर चोच आणि छातीच्या बेचक्यात धरून तो एकेक अंडं हलवतो.

ढगाळ उजेडाला नावं ठेवणाऱ्यांनी हे पंख भर उन्हात टिपून पाहावेत. पांढरा रंग पार जळतो. ढगांखाली तोच पंख पीस न् पीस दाखवतो. आयएसओ १६०० किंवा ३२०० वर न्यावा लागतो, फोटोत दाणे येतात. येऊ द्यात. शटर १/१००० ला थेंब हवेतच थांबवतं, १/६० ला पावसाच्या रेघा ओढतं. मला रेघा आवडतात. पाऊस पडतोय हे कळतं तरी. लेन्सला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरतो. फक्त गाडीच्या एसीतून एकदम बाहेर काढली की काचेवर वाफ धरते, तेवढं सांभाळायचं.

चांगल्या फोटोसाठी डोंगा घेऊन थेट वेलींत शिरणारेही असतात. त्यांच्या नादी लागू नका. माणूस जवळ आला की नर उठतो आणि अंडी पावसात उघडी पडतात; त्यांना ऊब द्यायला दुसरं कुणी नसतं. श्रावणात जरूर या, छत्री घेऊन पाळीवर बसा, आणि तिथून जेवढं दिसेल तेवढंच टिपा.