ब्रेक बसेपर्यंत

आमच्याकडे एक फिरतं घर आहे. चोवीस फुटी, पांढरंशुभ्र, आत गॅसची शेगडी, सिंक, आणि उलगडल्यावर पलंग होणारं जेवणाचं टेबल. पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायचं. इथे याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. सासूबाई मात्र पहिल्या दिवसापासून त्याला ‘बैलगाडी’ म्हणतात. कॉलनीच्या नियमामुळे ती दारात उभी करता येत नाही, म्हणून गावाबाहेरच्या एका लॉटमध्ये भाडं भरून ठेवली आहे. बैलगाडीला गोठा पण वेगळा!

सासू-सासरे मेमध्ये सहा महिन्यांसाठी आले. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, हॉटेलच्या जिन्यांचा त्रास होतो, आणि आईंना स्वतःच्या हातचा चहा लागतो. म्हणून निखिलने हिशेब करून ही खरेदी केली. विकणाऱ्याने तासाभरात सगळं दाखवलं. पाणी कुठे भरायचं, सांडपाणी कुठे सोडायचं, छत कसं उघडायचं. ब्रेकबद्दल एकच वाक्य होतं : “ते सेट करून दिलेत.”

पहिली सहल एस्टेस पार्कची. जाताना चढ, त्यामुळे काही कळलं नाही. परतताना लायन्सकडे उतरणारा रस्ता. तिथे दोन हजार फुटांहून जास्त उतार आहे आणि वळणं पुष्कळ. एका वळणापुढे एक गाडी हळू झालेली दिसली. निखिलने ब्रेक दाबला आणि मागून कोणीतरी ढकलल्यासारखं झालं. अडीच टनांचं ते घर थांबायला तयारच नव्हतं. आम्ही थांबलो, पण पुढच्या गाडीपासून दोन हातांवर. जळकट वास येत होता. आईंनी माझ्या मुलीचा हात एवढा घट्ट धरला होता की तिच्या मनगटावर बोटं उमटली.

दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला फोन केला. उत्तर मिळालं, “नवीन आहे ना, बसेल हळूहळू. सगळ्यांचं असंच होतं. तरी दाखवायचं असेल तर पाच आठवड्यांनी या.” निखिलला ते पटलं. मला अर्धंच पटलं.

माझे वडील, अण्णा, वाईत एका मालकाच्या ट्रकवर पंचवीस वर्षं ड्रायव्हर होते. मी भूगोलात एम.ए. केलं, साताऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं, पण घाट म्हणजे काय ते आधी अण्णांच्या केबिनमध्ये बसून शिकले, समोच्च रेषा नंतर आल्या. त्या रात्री साडेनऊला फोन लावला. वाईत सकाळचे नऊ वाजले होते, चहा चालला होता.

“आगं, ते खोटं नाही सांगत,” अण्णा म्हणाले. “नवं लायनर ड्रमला बसाय लागतं. दोन्ही नवी असली की सगळा भाग टेकत नाही. घासून घासून जागा धरतं. पण तू चारी चाकं बघितलीस का?”

“म्हणजे?”

“बसत असलं तर चारी सारखी बसतील. एखादं चाक थंडच राहिलं, तर ते बसत नाही, ते लागतच नाही. ह्यात फरक आहे.”

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते तोवर कधीच सांगितलं नव्हतं. मी पाचवीत असताना अण्णा आठवडाभर घरी बसून होते. आई म्हणायची, ताप आहे. खरं कारण असं की पसरणीच्या घाटात बटाट्याची पोती भरलेला ट्रक उतरवताना ब्रेक गेले होते. डोंगराच्या बाजूला ट्रक घासत नेऊन त्यांनी तो उभा केला. क्लीनरला आणि त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. “आदल्याच दिवशी लायनर बदललं होतं,” ते म्हणाले. “सकाळपासून गाडी एका बाजूला ओढत होती. मला कळत होतं. पण मीच मला सांगत होतो, नवं आहे, बसेल.”

मी फोन ठेवला आणि ट्रेलरसोबत आलेली पुस्तिका उघडली. शिकवायची सवय उपयोगी पडली. आधी स्वतः समजून घ्यायचं, मग फळ्यावर लिहायचं. फळा नव्हता, फ्रिजवर कागद लावला.

या ट्रेलरच्या प्रत्येक चाकात ड्रम आणि त्याच्या आत एक विद्युतचुंबक असतो. ट्रकमध्ये स्टिअरिंगजवळ एक कंट्रोलर असतो. ड्रायव्हरने पायाने ब्रेक दाबला की कंट्रोलर मागे वीज सोडतो. चुंबक फिरत्या ड्रमला चिकटतो, त्याच्याबरोबर ओढला जातो आणि एक दांडा ढकलतो. त्या दांड्याने लायनर बाहेर सरकून ड्रमवर घट्ट बसतं. वीज किती सोडायची ते कंट्रोलरवर ठरवायचं, त्याला ‘गेन’ म्हणतात. आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे असतील तर कंट्रोलरवर हाताने दाबायची एक कळ असते.

नवे ब्रेक बसवायची पद्धतही पुस्तिकेत होती. ताशी ४० मैलांच्या वेगाने जायचं, कळ दाबून फक्त ट्रेलरच्या ब्रेकने २० पर्यंत यायचं, मग मिनिटभर ब्रेक थंड होऊ द्यायचे आणि पुन्हा तेच. असं वीस ते तीस वेळा. विकणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं.

रविवारी पहाटे आम्ही डेन्व्हरच्या पूर्वेला, मैदानातल्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर गेलो. निखिल चालवत होता, मी वहीत रेघा मारत होते. पंचवीस वेळा केलं. ब्रेक थोडे सुधारले, हे खरं. पण गेन शेवटच्या आकड्यापर्यंत नेला तरी पुस्तिकेत म्हटलंय तशी ट्रेलरची चाकं अडत नव्हती. निखिल म्हणाला, “सुधारतंय ना? अजून चार फेऱ्या मारू.”

मी म्हटलं, “थांब, चाकं बघते.”

अण्णा हात लावून बघायचे. तापलेल्या ड्रमला हात लावायचं धाडस माझ्यात नाही. ओव्हनसाठी घेतलेला, दुरून तापमान सांगणारा थर्मामीटर मी पिशवीत टाकून आणला होता. पुढच्या आसाची दोन्ही चाकं चांगली तापलेली. मागच्या आसाची दोन्ही थंड. पंचवीस वेळा ब्रेक लावून जवळजवळ हवेइतकीच थंड! चारऐवजी दोनच चाकं अडीच टन थांबवत होती.

पुढची परीक्षा लॉटमध्ये. माझ्या जुन्या कंपासपेटीत वर्गात दाखवायचं होकायंत्र अजून होतं, सामानाबरोबर अमेरिकेत आलेलं. चाकाजवळ ते धरायचं आणि ट्रकमधून निखिलने कळ दाबायची. चुंबक जागा झाला की सुई हलते. पुढच्या चाकांपाशी सुईने गर्रकन तोंड फिरवलं. मागच्या चाकांपाशी ती शांतपणे उत्तर दाखवत राहिली. मुलगी टाळ्या वाजवत होती. इतका प्रामाणिक विद्यार्थी मला वर्गातही भेटला नव्हता.

शेजारचे एक निवृत्त आजोबा तारेभोवती चिमट्यासारखं धरायचं मीटर घेऊन आले. एक चुंबक साधारण ३ अँपिअर घेतो, म्हणजे चारांचे १२ व्हायला हवेत. मीटरने ६ दाखवले. आता शंका उरली नाही. चाकांना ठोकळे लावले आणि निखिल टॉर्च घेऊन खाली शिरला. पुढच्या आसाकडून मागच्या आसाकडे जाणाऱ्या वायरचा जोड सापडला. वरून अगदी व्यवस्थित दिसत होता. पण कारखान्यात तो प्लास्टिकच्या आवरणावरच दाबला गेला होता, आतल्या तांब्यापर्यंत पोचलाच नव्हता. शंभर वर्षं घासलं असतं तरी तो ‘बसला’ नसता.

आजोबांच्या मदतीने नवा जोड घातला, पाणी जाऊ नये म्हणून वर गरम करून आवळणारी नळी लावली. मीटरवर १२ च्या आसपास आकडा आला. गेन मात्र लगेच कमी करावा लागला. दोन चाकांसाठी वाढवलेली वीज चार चाकांना जास्त झाली आणि रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर कळ दाबताच चाकं अडून रबर घासलं. चाकं अडतात त्याच्या जरा खाली आणून ठेवला. मग मागच्या चाकांसाठी पुन्हा पंचवीस फेऱ्या. दोनेकशे मैलांनंतर ब्रेक तपासून पुन्हा जुळवायचे असतात, तेही केलं.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. सात वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा मलाही सगळे हेच म्हणाले होते. नवीन आहेस, बसशील, रुळशील. आणि पुष्कळ गोष्टी बसल्याही. बर्फ, गाडी, एकटीने जायचं पोस्ट ऑफिस. पण वर्गात उभं न राहणं काही बसलं नाही. मी दर वर्षी स्वतःला सांगायचे, अजून चार फेऱ्या. काम करण्याच्या परवान्याचा अर्ज दीड वर्ष माझ्या कपाटात भरून पडला होता. त्यात निखिलचा दोष नाही. तो विचारायचा आणि मीच “बघू” म्हणायचे. जुलैमध्ये तो अर्ज पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही सगळे पश्चिमेला निघालो. डेन्व्हर आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम सव्वाशे फूट खाली. तिथून आय-७० चढत चढत आयझेनहॉवर बोगद्याशी ११ हजार फुटांवर जातो. बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे दोन हजार फुटांचा सरळ उतार. ब्रेक गेलेल्या ट्रकना घुसता यावं म्हणून कडेला वाळू-खडीचे चढ केलेले आहेत. आईंनी ते काय असं विचारलं. मी म्हटलं, “ट्रकवाल्यांची सोय.” जास्त सांगितलं नाही.

बोगद्याआधीच आमची अदलाबदल झाली होती. स्टिअरिंगवर मी होते. अण्णांचा नियम लहानपणापासून पाठ आहे. ज्या गिअरने घाट चढायचा, त्याच गिअरने उतरायचा. खालचा गिअर टाकला. इंजिन गुरगुरत गाडी धरून राहिलं. वेग वाढला की ब्रेक थोडा वेळ नेमका दाबायचा आणि सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. मागचं घर या वेळी ढकलत नव्हतं. ते आमच्याबरोबर थांबत होतं. मागे सासऱ्यांना डुलकी लागली. तेवढं प्रशस्तिपत्रक मला पुरे.

खाली पोचल्यावर पेट्रोल पंपाशी उतरून थर्मामीटर फिरवला आणि अण्णांना फोन केला. वाईत मध्यरात्र होत आली होती, पण ते जागे होते.

“उतरलीस?”

“उतरले.”

“चाकं बघितलीस?”

“बघितली. चारी सारखी.”

“मग झोपतो,” म्हणाले, आणि फोन ठेवला.