पुण्याचा पाहुणा

गेल्या दिवाळीला रावेरला मामांकडे गेलो, तेव्हा त्यांच्या पापण्या सुजलेल्या, मान काळवंडून खरखरीत झालेली. मी शहाणपणा केला, "उष्णता झाली असेल, सब्जा घ्या."

दोन महिने सब्जा पिऊन मामा पुण्यास आले. डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, 48 तासांनी काढल्या. गाजरगवताच्या पट्टीखाली त्वचा लालभडक!

डॉक्टर म्हणाले, "त्यातले पार्थेनिन त्वचेतल्या प्रथिनांना चिकटते. शरीराच्या टी-पेशी त्याला एकदा शत्रू ठरवतात आणि सहसा विसरत नाहीत. मग वाळल्या गवताची धूळ उडाली, तरी एकदोन दिवसांत हल्ला!"

"अहो, पण वीस वर्षे तेच उपटतोय!"

"वीस वर्षे सोसले, म्हणून एकविसाव्या वर्षी सोसेलच असे नाही."

या गवताची नोंद 1956 साली पुण्याहूनच प्रसिद्ध झाली, हे ऐकून मामा हसले, "म्हणजे तुझ्याच गावचा पाहुणा की रे!" मी ओशाळलो.

आता गडी हातमोजे घालून, फुलण्यापूर्वीच गवत उपटतात. मामा ओटीवर. यंदा फराळाआधीच त्यांनी मला पिटाळले, "किती केळी निसवल्या, बघून ये."

परतून मी मळा सांगत राहिलो. मामा डोळे मिटून ऐकत होते.