सातवा, सहावा कीं नववा?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुटींत दहावीचे चार-पांच विद्यार्थी आमच्या टेबलाभोवतीं येऊन उभे राहिले. त्यांच्यांत कांहीं वाद माजला होता, व त्याचा निकाल आम्हीं द्यावा अशी त्यांची इच्छा होती. आम्हांस वाटलें, व्याकरणाचा अथवा क्रिकेटचा प्रश्न असेल. परंतु त्यांतील एकानें विचारिलें, "सर, तुम्ही फायनल फँटसी खेळतां असं ऐकलं. त्यांतला सर्वांत चांगला भाग कोणता?" शिक्षकाचें गुपित शाळेंत फार दिवस टिकत नाहीं, आमच्याच कन्येनें ही बातमी फोडली असावी. तेवढ्यांत घंटा झाली, म्हणून "वार्षिकांत उत्तर देऊं" असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. दुर्दैवानें संपादकांनीं तें वचन ऐकिलें होतें.

पालकांपैकीं ज्यांस हें नांव अपरिचित असेल त्यांच्याकरितां दोन शब्द. ही जपानांत तयार झालेली व्हिडिओ गेमची मालिका आहे. तिचा पहिला भाग हिरोनोबु साकागुची यांच्या देखरेखीखालीं स्क्वेअर या कंपनीनें १९८७ सालीं काढिला, आणि सोळावा २०२३ सालीं निघाला. सोळा भाग म्हणजे एकच कथा सोळा वेळां लांबविली असें मात्र नव्हे. भागागणिक जग निराळें, माणसें निराळीं, त्यांचीं सुखदुःखें निराळीं. खेळणारानें कांहीं सोबत्यांस घेऊन देशोदेशीं हिंडावें, शत्रूंशीं लढावें, आणि मधून मधून गोष्ट वाचावी, असा सामान्यतः या खेळाचा क्रम असतो. एक भाग पुरा करावयास तीस-चाळीस तास सहज जातात, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी. आम्हींही ती ठेवावयास हवी होती, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या आमच्या गुणपत्रिकेवरून तें कोणाच्याही लक्षांत येईल.

आम्ही प्रथम खेळलों तो सातवा भाग. तो १९९७ सालीं प्लेस्टेशनकरितां व १९९८ सालीं संगणकाकरितां निघाला. १९९९ च्या उन्हाळ्यांत आमच्या वडिलांनीं एक जुना संगणक विकत घेतला, तो अर्थात् अभ्यासाकरितां. आणि आमच्या धाकट्या बंधूंनीं दुसऱ्याच आठवड्यांत एका मित्राकडून या खेळाच्या तबकड्या आणिल्या. आमच्या गांवीं वीज केव्हां जाईल याचा नेम नसे, आणि या खेळांत वाटेल तेथें थांबून आपली प्रगति जपून ठेवितां येत नाहीं. त्यासाठीं ठराविक ठिकाण गांठावें लागतें. दोन तास लढून मिळविलेलें एका क्षणांत काळोखांत जाई, व बंधू डोक्यावर हात ठेवून बसत.

त्या कथेंत एअरिथ नांवाची एक मुलगी आहे. मिडगर नांवाच्या काळवंडलेल्या शहरांत ती फुलें विकते. (पहिल्या इंग्रजी आवृत्तींत तिचें नांव एअरिस असें दिलें होतें. तें भाषांतर घाईचें असावें. कारण याच मुलीच्या तोंडीं एका चार शब्दांच्या वाक्यांत एकवचनी कर्त्यास अनेकवचनी क्रियापद जोडलें आहे. इंग्रजीच्या तासास तें उदाहरण आम्हांस पुष्कळदां उपयोगी पडलें आहे.) आमच्या वडिलांस हा खेळ पसंत नव्हता. ते आमच्या पाठीमागें खुर्चींत वर्तमानपत्र घेऊन बसत. परंतु पान उलटल्याचा आवाज बराच वेळ येत नसे, यावरून ते काय पाहत आहेत हें आम्हांस कळे.

पहिली तबकडी संपत येतां येतां, एका निर्मनुष्य प्राचीन नगरींत ती मुलगी प्रार्थनेस बसली असतां सेफिरॉथ तिला ठार मारितो. लागलीच एका राक्षसाशीं लढाई जुंपते. पण नेहमींचें रणवाद्य वाजत नाहीं. नोबुओ उएमात्सु यांनीं त्या मुलीसाठीं रचिलेले हळुवार सूर तसेच चालूं राहतात, आणि ते ऐकत ऐकत खेळणारास लढावें लागतें. मग क्लाउड तिला दोन्ही हातांवर उचलून पाण्यांत सोडून देतो. त्या वेळच्या चित्रकलेची मर्यादा अशी कीं क्लाउडचे हात विटांच्या तुकड्यांसारखे दिसतात. २०२० व २०२४ सालीं ही कथा नव्या रूपांत निघाली, तींत केसन्‌केस वेगळा दिसतो; पण आम्हांस ते विटांचे हातच आठवतात.

बंधूंनीं दोन आठवडे खपून तिच्यासाठीं उत्तम आयुधें जमविलीं होतीं. तिला परत आणण्याची एक गुप्त युक्ति आहे अशी वदंता तेव्हां सर्वत्र पसरली होती, आणि ती खोटी आहे हें पटण्यास आमची उरलेली सुटी खर्ची पडली. याच सुमारास एके सायंकाळीं वडिलांनीं वर्तमानपत्राआडून विचारिलें, "ती फुलं विकणारी पोर हल्लीं दिसत नाहीं?"

"ती गेली, पपा," बंधू म्हणाले.

"गेली म्हणजे?"

"मेली."

वडिलांनीं वर्तमानपत्राची घडी घातली व ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर आम्ही खेळत असतां ते त्या खुर्चींत पुन्हां बसले नाहींत.

पुढें पंधरा-सोळा वर्षें कोणीं विचारिलें तर आम्ही सातव्याचेंच नांव घेत असूं. त्यांतील मरण कथा रचणारांनीं ठरविलेलें आहे. आपण कितीही दक्ष राहिलों तरी तें टळत नाहीं. तरुणपणीं हें आम्हांस फार क्रूर वाटे. आतां वाटतें कीं त्यांत एक दया आहे. खेळणाराच्या माथीं कांहींच येत नाहीं.

आठव्या भागाविषयीं आम्ही मौन धरितों. बंधूंस तो प्रिय आहे, आणि ते हा अंक वाचणार आहेत.

सहावा भाग १९९४ सालचा, म्हणजे सातव्याहून जुना. पण तो आमच्या हातीं फार उशिरां, २०१६ च्या पावसाळ्यांत आला. रचनेच्या दृष्टीनें पाहिलें तर हाच सर्वांत श्रेष्ठ, असें आम्ही आजही म्हणूं. बोटभर उंचीच्या चित्रांकडून त्यांत एक आख्खें संगीत नाटक करविलें आहे. सोबती चौदा आहेत, आणि नायक असा एक कोणी नाहीं. दुष्ट विदूषक केफ्का याचा बेत शेवटीं हाणून पाडला जाईल असें आपण धरून चालतों, तों कथेच्या मध्यावरच तो बेत सिद्धीस जातो व जगाचा विध्वंस होतो! पुढची सारी कथा त्या उजाड जगांत विखुरलेले सोबती एक-एक करून शोधण्यांत जाते.

विध्वंसानंतर एक वर्षानें सेलेस नांवाची तरुणी एका ओसाड बेटावर जागी होते. तेथें सिड नांवाचा एक वृद्ध शास्त्रज्ञ तेवढा तिच्या सोबतीस आहे. त्यास ती आजोबा म्हणूं लागते. तो आजारी पडतो. तिनें किनाऱ्यावर जाऊन हातांनीं मासे धरावे व त्यास खाऊं घालावे. तो जगेल कीं मरेल हें येथें आधीं ठरलेलें नाहीं. तें खेळणाराच्या हातीं आहे.

त्या दिवसांत आमचे वडील अंथरुणास खिळले होते, व त्यांस अन्न जात नसे. रात्रीं त्यांस पेज भरवून, ते झोंपले म्हणजे आम्ही शेजारच्या खोलींत संगणक लावून बसत असूं. किनाऱ्याजवळ कांहीं मासे पोहत होते. त्यांत जो संथ होता तो सहज हातीं लागे, म्हणून आम्हीं तोच धरिला. पुन्हां गेलों तेव्हांही तसाच धरिला. अखेर एकदां मासा घेऊन परत आलों, तों सिड बोलेना.

बंधू नोकरीनिमित्त परगांवीं होते. रात्रीं अकरा वाजतां आम्हीं त्यांस फोन केला.

"दादा, संथ मासा धरायचा नसतो," ते म्हणाले. "तो खराब असतो, त्यानं माणूस जास्तच खंगतो. चपळ मासा धर. जपून ठेवलेलं उघड आणि मागून पुन्हां खेळ."

आम्ही मागून पुन्हां खेळलों. सिड बरा झाला, व सेलेसला बेटाबाहेर जातां यावें म्हणून त्यानें बांधिलेला तराफा त्यानें तिला दाखविला.

वडील त्याच सप्टेंबरांत गेले. त्यांस पुण्यास मोठ्या डॉक्टरांकडे न्यावें असें आमच्या मनांत जुलैंत आलें होतें. परंतु चाचणी परीक्षेचें काम होतें, पाऊस होता, गांवच्याच औषधानें उतार पडेल असें वाटलें. आणि जें सोपें होतें तें आम्हीं केलें. नेलें तेव्हां ऑगस्ट संपत आला होता. लवकर नेलें असतें तर ते वांचले असते कीं नाहीं हें डॉक्टरांसही सांगतां आलें नाहीं, आणि बंधूंनीं आम्हांस आजपर्यंत एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं. परंतु तो संथ मासा आम्हांस अजून दिसतो. सहावा भाग आम्हीं पुढें कसाबसा पुरा केला, व त्यानंतर उघडलेला नाहीं. ज्यास आम्हीं श्रेष्ठ म्हटलें तोच आवडता म्हणून सांगवत नाहीं.

आतां नववा. हा २००० सालचा; साकागुची यांसही तो विशेष प्रिय आहे. आम्ही तो खेळलों २०२२ च्या मे महिन्यांत, मोबाइलवर, तेव्हां अकरा वर्षांच्या असलेल्या आमच्या कन्येबरोबर. त्यांत दोष आहेत. लढाया फार सावकाश चालतात, आणि त्यांतील पत्त्यांच्या खेळाचे नियम आम्हां दोघांसही शेवटपर्यंत उमगले नाहींत. पण त्यांत विवि आहे. मोठी टोंकदार टोपी, काळोखी चेहरा, आणि त्यांत लुकलुकणारे दोन पिवळे डोळे, असा हा लहानगा जादूगार. आपल्यासारखे जादूगार युद्धासाठीं कारखान्यांत घडविले जातात, हें त्यास वाटेंत कळतें. पुढें एका अरण्यांत, असे पळून आलेले जादूगार वसती करून राहत असलेलें गांव त्यास लागतें. ते चोकोबो या पक्ष्याचें अंडें उबवितात, दुकान मांडितात, आणि घडविल्यापासून सुमारें एक वर्षानें एक-एक करून थांबतात. थांबलेल्यास ते पुरतात. त्या थडग्यांपाशीं उभा असलेला एक जादूगार सांगतो कीं, मरण म्हणजे काय हें त्यास नीटसें ठाऊक नाहीं. पण आपला मित्र मातींतून बाहेर आला म्हणजे त्यास तळ्यावर नेऊन धुवावयाचें त्यानें योजिलें आहे.

कन्येनें मोबाइल खालीं ठेविला. "पपा, त्याला कोणींच सांगितलं नाहीं का?"

"ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगवत नसेल," आम्ही म्हणालों.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनें विचारिलें, "आजोबांना ठाऊक होतं?"

वडील गेले तेव्हां ती पांच वर्षांची होती. त्यांस ठाऊक होतें. शेवटच्या आठवड्यांत त्यांनीं आम्हांस जवळ बोलावून आपलें मनगटी घड्याळ धाकट्यास द्यावें असें सांगितलें होतें. तेव्हां आम्हीं "पपा, तुम्हीच घाला तें, बरे व्हाल" असें म्हणून तो विषय उडवून लाविला. पुढें तें कोणासही सांगितलें नाहीं, आणि घड्याळ सहा वर्षें आमच्याच कपाटांत पडून राहिलें. त्या सायंकाळीं तें आम्हीं कन्येस काढून दाखविलें. जूनमध्यें बंधू आले तेव्हां त्यांच्या स्वाधीन केलें, आणि उशीर कां झाला तें सांगितलें. ते म्हणाले, "चावी देत होतास ना?" देत होतों. दर रविवारीं, उपासनेस जाण्यापूर्वीं.

तेव्हां विद्यार्थ्यांस उत्तर असें कीं आमच्या आवडीचा भाग नववा.

हा निकाल ज्याच्या मुळींच पसंतीस उतरला नाहीं, अशा एका विद्यार्थ्याचें म्हणणें येथें नमूद करणें न्यायाचें होईल. त्याचा पक्ष २००१ सालच्या दहाव्या भागाचा. त्यांत यूना नांवाची तरुणी सिन या अक्राळविक्राळ संकटापासून लोकांस सोडविण्यासाठीं यात्रेस निघते. यात्रेच्या अखेरीस तिनें प्राण द्यावयाचे आहेत, हें सर्व सोबत्यांस ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें एका टीडसला. आणि ज्या बलिदानानें सिन थोडीं वर्षें नाहींसा होऊन पुन्हां येतो, तें करावयास यूना शेवटीं साफ नाकारिते. "सर, तुमच्या सगळ्या भागांत माणसं मरण सोसतात," हा विद्यार्थी आम्हांस म्हणाला. "दहाव्यांत ती नाहीं म्हणते." आम्हीं त्यास टीडसचें शेवटीं काय होतें याची आठवण दिली. तो म्हणाला, "तरी पण ती नाहीं म्हणाली ना?" यावर आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं, व अद्यापिही सुचलेलें नाहीं. त्या भागांतील येव्हॉन पंथाचे धर्माधिकारी लोकांस फसवितात, म्हणून तो मुलांस खेळूं द्यावा कीं नाहीं, असें कोणी पालक विचारतील. धर्माच्या नांवावर झालेल्या फसवणुकीचीं उदाहरणें इतिहासाच्या पुस्तकांतही आहेत, व तीं आम्ही शिकवितों.

त्या विद्यार्थ्यानें पुढील अंकांत आपला पक्ष स्वतः मांडावा, असें आम्हीं त्यास सुचविलें आहे. शालान्त परीक्षा झाल्यावर लिहितों, असें तो म्हणतो. दरम्यान दहावा भाग आम्हीं पुन्हां लाविला आहे. परंतु त्यांतील पाण्याखालचा चेंडूचा सामना आम्हांस अजून एकदांही जिंकतां आलेला नाहीं, आणि कन्या शेजारीं बसून हंसते.