बॅगेवरचे नाव

आमच्या गावच्या घरी पडवीतल्या तुळईला एक ताणकाटा टांगलेला आहे. अब्बांचे किराणा दुकान होते तेव्हा ते त्यावर पोती तोलत. दुकान बंद झाले, अब्बा अल्लाहला प्यारे झाले, पण काटा तिथेच राहिला. गेली २२ वर्षे त्यावर फक्त बॅगा तोलल्या जातात. माझा मोठा भाऊ दुबईला असतो. सुट्टी संपवून तो परत निघाला की आदल्या रात्री सगळे घर त्या काट्याखाली जमते. कुणी टॉर्च धरतो, कुणी आकडा वाचतो. “एकोणतीस!” असे कुणी ओरडले की अम्मी म्हणते, “मग अजून एक किलो बसेल,” आणि स्वयंपाकघरात जाते.

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत हे दृश्य दिसते. आपण इतक्या वर्षांत विमानाच्या बॅगा शेकड्याने भरल्या, पण त्यांचे नियम किती जणांनी नीट समजून घेतले? मी शाळेत मुलांना वजन-मापे शिकवते, पण मलाही ते मागच्या वर्षी समजले, आणि तेही भर विमानतळावर.

मागच्या वर्षी अल्लाहच्या मेहरबानीने अम्मीला घेऊन उमऱ्याला जायचे ठरले. भाई आठवडाभर आधी गावी आला आणि आम्ही तिघे मुंबईहून जेद्दाहला निघालो. तिकिटावर प्रत्येकी ३० किलो सामान होते. तिघांचे मिळून ९० झाले. अम्मीची मोठी बॅग ३१ किलो भरली, माझी २१, भाईची १८. एकूण ७०. आम्ही निर्धास्त होतो. त्या रात्री भाई झोपल्यावर शेजारची खाला एक पार्सल घेऊन आली. तिचा मुलगा जेद्दाहला नोकरी करतो. पांढऱ्या कापडात शिवलेले, वर मुलाचे नाव आणि फोन नंबर लिहिलेले. “घरचा मसाला आहे, सोलं आहेत. तीन वर्षं पोर घरी आलं नाही,” ती म्हणाली. अम्मीने ते बॅगेत ठेवले. पुन्हा तोलायचे कुणाच्या मनातही आले नाही.

विमानतळावर काउंटरच्या पट्ट्यावर अम्मीची बॅग ठेवली आणि आकडा आला ३४.५. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, “ही बॅग घेता येणार नाही.” मी हिशेब मांडू लागले की तिघांचे मिळून ९० किलो चालतात, आमचे तर ७४ सुद्धा नाही. तिने समजावून सांगितले. एका तिकिटावरच्या माणसांचे वजन एकत्र धरता येते, बऱ्याच एअरलाइन्स तशी सवलत देतात. पण कुठलीही एक बॅग ३२ किलोंच्या वर जाता कामा नये. कारण ती बॅग पुढे कुणीतरी हाताने उचलतो, गाडीवर टाकतो, विमानाच्या पोटात वाकून रचतो. ही मर्यादा त्याच्या पाठीसाठी आहे. पैसे भरूनही ती ओलांडता येत नाही.

मला वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. ३० आणि ३२ हे दोन आकडे मी कितीदा ऐकले होते, पण एक प्रवाशासाठी आणि दुसरा हमालासाठी आहे हे कधी लक्षातच आले नव्हते.

रांगेतून बाजूला होऊन आम्ही फरशीवर बॅग उघडली. अम्मीचे कपडे, तिची जानमाज, औषधाचा डबा, सारे लोकांच्या नजरेसमोर आले. अम्मीने दुपट्टा पुढे ओढून मान खाली घातली. मी ते पार्सल उचलून माझ्या बॅगेत टाकणार एवढ्यात भाईने विचारले, “हे काय आहे?”

मी सांगितले. त्याने एका बाजूची शिवण उसवली. मसाला होता, सोलं होती. सोबत सुक्या खोबऱ्याच्या सात-आठ वाट्या आणि एका पिशवीत अर्धा किलो खसखस.

भाईचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. काही क्षण तो बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, “अम्मी, ही खसखस सौदीत उतरली असती तर जाब तुला द्यावा लागला असता.”

आपल्याकडे खसखस वाण्याच्या दुकानात मिळते. पण ती अफूच्या बोंडातले बी असल्यामुळे सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. हाजींना दिल्या जाणाऱ्या सूचनांतही खसखस आणि गुटखा नेऊ नका असे सांगितले जाते. सुक्या खोबऱ्याचे कारण वेगळे. त्यात तेल खूप असते आणि ते पेट घेऊ शकते, म्हणून आपल्याच विमानतळांवर ते चेक-इन बॅगेत चालत नाही. खालाला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने लेकाच्या आवडीच्या कालवणाचे सामान बांधून दिले होते.

अम्मीला मात्र दुसराच पेच पडला. “अमानत आहे ती. फेकायची कशी?” तिचे डोळे भरून आले.

भाई तिच्याजवळ उकिडवा बसला. “अम्मी, अमानत म्हणूनच उघडून पाहायला हवी होती. खालाला आपण सगळे खरे सांगू, किंमत देऊ. पण या बॅगेच्या टॅगवर तुझे नाव छापले जाणार. आत जे आहे ते तुझेच मानले जाईल. ‘शेजारणीने दिले होते’ हे तिथे कोण ऐकणार?”

खसखस आणि खोबरे आम्ही तिथल्या पेटीत टाकले. मसाला आणि सोलं माझ्या बॅगेत गेली. अम्मीची बॅग ३१ किलोंवर आली आणि पट्ट्यावरून आत निघून गेली. अडीच किलो जादा झाले म्हणून ती बॅग उघडावी लागली. ते अडीच किलो झाले नसते तर? आजही रात्री कधी हा विचार आला की झोप उडते.

मक्केत इशानंतर आम्ही हॉटेलवर परतत असताना मी भाईला विचारले, “तुझ्याकडे ते गोल्ड कार्ड आहे ना? मग मुंबईत ते का नाही दाखवलेस?” तो हसला. “ते दुसऱ्या एअरलाइनचे आहे. इथे त्याला कोण विचारतो?” मग चालता चालता त्याने मला सगळे समजावून सांगितले.

एअरलाइन्स नेहमीच्या प्रवाशांसाठी अशा योजना चालवतात. मोठ्या प्रमाणावर याची सुरुवात १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने केली. नाव नोंदवणे बहुधा फुकट असते. दर प्रवासाचे माइल्स खात्यात जमा होतात, पण तिकीट काढताना सभासद क्रमांक दिला तरच. द्यायचा राहिला असेल तर बोर्डिंग पास जपून ठेवावा आणि मुदतीत मागणी करावी. माइल्स दोन तऱ्हांचे असतात. एक तिकिटासाठी खर्च करता येतात, दुसरे फक्त दर्जा ठरवतात. खर्चायच्या माइल्सनाही मुदत असते. एमिरेट्सच्या योजनेत ती साधारण ३ वर्षांची आहे. दर्जा वाढला की जादा वजन मिळते. त्याच योजनेत, जिथे सामान किलोवर मोजतात तिथे, सिल्व्हरला १२, गोल्डला १६ आणि प्लॅटिनमला २० किलो जादा. काही एअरलाइन्स एकमेकींशी जोडलेल्या असतात. स्टार अलायन्सचे गोल्ड कार्ड असेल तर त्या गटातल्या विमानांत २० किलो किंवा एक नग जादा मिळतो. पण ही सवलत कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याची. सोबतच्या आईची किंवा बहिणीची नाही.

“मग आमच्या गावातले सगळेच २०-२५ वर्षे विमानाने ये-जा करतात. त्यांच्याकडे का नसते असे कार्ड?” मी विचारले.

भाई थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दर्जा वर्षभराच्या प्रवासावर ठरतो गं. मी पहिली बारा वर्षे हेल्पर होतो. दोन वर्षांतून एकदा घरी यायचो, कंपनी काढून देईल त्या स्वस्त तिकिटावर. त्याने कार्ड मिळत नाही. आता मशीन दुरुस्तीसाठी महिन्याला दोनदा रियाध, नैरोबी करतो, म्हणून मिळाले. घरी येण्याने कुणाला गोल्ड मिळत नाही.”

आम्ही काही पावले तसेच चाललो. तो पुढे सहज बोलला. तक्रारीचा सूर नव्हता. “आणि मिळून तरी काय? ते सोळा किलो गावच्या लोकांच्या पार्सलांनीच भरतात. जाताना खोलीतल्या मित्रांसाठी बोंबील, लोणची. येताना ब्लँकेटे, खजूर, साबण, कुणाच्या मुलीच्या लग्नाचे काहीतरी. माझी बॅग कधी माझी नव्हतीच.”

अम्मी दोन पावले मागे होती. तिने ऐकले की नाही हे मला तेव्हा कळले नाही.

परतीच्या वेळी भाई जेद्दाहहून थेट दुबईला गेला आणि आम्ही दोघी मुंबईला. या वेळी मी प्रत्येक बॅग हॉटेलातच हातकाट्यावर तोलली. जमजमबद्दलही आधीच विचारून घेतले होते. बऱ्याच एअरलाइन्स उमऱ्याच्या प्रवाशाला ५ लिटरचा एक डबा नेऊ देतात. तो अधिकृत ठिकाणाहून घेतलेला, सीलबंद खोक्यात असावा लागतो आणि वेगळा द्यावा लागतो. बाटल्यांत भरून, कपड्यांत गुंडाळून बॅगेत घातलेले जमजम सौदीच्या विमानतळावर काढून ठेवतात. आमच्या समोरच एका आजोबांच्या बॅगेतून सहा बाटल्या निघाल्या. त्यांचा उतरलेला चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी चोरी थोडीच केली होती? त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

गावी पोहोचल्यावर अम्मीने सामान उघडायच्या आधी खालाचे घर गाठले. मीही सोबत होते. अम्मीने काहीही न लपवता सांगितले आणि पैसे पुढे केले. खाला आधी रागावली. “माझ्या पोराचा घास तुम्ही कचऱ्यात टाकलात?” मग कारण ऐकल्यावर ती मटकन खाली बसली. “या अल्लाह, मी तुला कशात घातलं असतं!” दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून रडल्या. पैसे तिने घेतले नाहीत. तिच्या लेकाला मसाला आणि सोलं मिळाली होती, हे मात्र तिने पुन्हा पुन्हा विचारून घेतले.

तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यातून कुणी परदेशी निघाले की बायका मला विचारायला येतात. मी तेच सांगते. तिकिटावर किलो लिहिले आहेत की नग, ते आधी पाहा. आखाताकडे बहुधा किलो चालतात. माझी नणंद कॅनडात असते, तिकडे नगांचा हिशेब. दोन बॅगा असतील तर प्रत्येकी २३ किलो. तिथे ३० किलोंची एकच बॅग नेली तर एकूण वजन कमी असूनही जादा पैसे पडतात. मुंबईहून पुढे नागपूरसारख्या शहराला वेगळ्या तिकिटावर जाणार असाल तर देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच फुकट असतात. वजन वाढणार हे ठाऊक असेल तर आधीच ऑनलाइन विकत घ्या, काउंटरवर ते महाग पडते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मोडले-फाटले तर तक्रारीची मुदत ७ दिवसांची असते.

आणि शेवटी सांगते की पार्सल देणाऱ्यासमोरच उघडा. शरम वाटते, पण त्यात अविश्वास नाही. अब्बा गिऱ्हाइकासमोर काटा शून्यावर आणून दाखवत, तेव्हा त्याचा राग कुणाला येत नसे. माप-तोलात खोट करणाऱ्यांना ताकीद देणारी एक संपूर्ण सूरह, अल-मुतफ्फिफीन, पवित्र कुरआनात आहे. ती दुकानदारांसाठी आहे असे मी लहानपणी समजत असे. काउंटरवर बॅगेच्या कोपऱ्याखाली हळूच पाय लावणारे पाहिले की आता वाटते, ती आपल्यासाठीही आहे.

गेल्या महिन्यात भाई सुट्टी संपवून निघाला. रात्री नेहमीप्रमाणे काट्याखाली सगळे जमलो. आकडा २२ वर थांबला. “अजून आठ किलो आहेत, अम्मी. कार्डाचे सोळा वेगळे,” भाई म्हणाला. अम्मी स्वयंपाकघरात गेली नाही.

“राहू दे रिकामी,” ती म्हणाली. “तीन जणी पार्सलं घेऊन आल्या होत्या. मी नाही म्हणाले. येताना तुझ्यासाठी काहीतरी घेऊन ये.”

“मला काय लागतं, अम्मी?”

तिने उत्तर दिले नाही. बॅगेची चेन लावली आणि माझ्या हातात पेन दिला. मी टॅगवर भाईचे नाव लिहिले.