मॅडम सध्या कॉलेजला जातात

"डॉक्टर, तुमच्या मॅडम हल्ली दवाखान्यात दिसत नाहीत. बऱ्या आहेत ना?"

२०२२ च्या दिवाळीनंतर हा प्रश्न रोज कोणीतरी विचारायचे. सतरा वर्षे केसपेपरच्या टेबलावर तीच बसत होती, त्यामुळे लोकांना चुकल्यासारखे वाटणे साहजिक होते. मी सांगायचो, "मॅडम कॉलेजला जातात." त्यावर बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "शिकवायला का?" "नाही, शिकायला. डी. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहेत." मग काही जण हसायचे, काही जण कौतुक करायचे. एका आजोबांनी मात्र सरळ विचारले, "आता या वयात? मेडिकल टाकायचंय का?"

मेडिकल टाकायचे नव्हते. माझी बायको ४६ व्या वर्षी कॉलेजला का गेली हे मी तेव्हा कोणाला सांगितले नाही, कारण त्यात माझीही एक चूक होती. आज ते लिहितो.

माझ्या सासूबाईंना संधिवात आहे. हाताची बोटे सकाळी ताठ होतात, सांधे सुजतात, तो आमवात प्रकारचा. २०२१ च्या पावसाळ्यात नाशिकच्या सांधेतज्ज्ञांनी त्यांना मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, रविवारी, आणि फॉलिक अ‍ॅसिड इतर दिवशी अशी औषधे लिहून दिली. उपचार अगदी योग्य होता. आमवातात हे जगभर वापरले जाणारे पहिल्या पसंतीचे औषध आहे. सासूबाई गावी परतल्या आणि त्यांनी तिथल्या मेडिकलमधून गोळ्या घेतल्या. काउंटरवरच्या मुलाने दोन्ही स्ट्रिपा पुढे ठेवून सांगितले, "आजी, ही रोज एक आणि ही रविवारी एक."

त्याने नेमके उलटे सांगितले. मेथोट्रेक्सेट रोज आणि फॉलिक अ‍ॅसिड रविवारी.

हे औषध थोडे समजून घ्या, कारण ते घेणारे अनेक जण हा ब्लॉग वाचतात. मेथोट्रेक्सेटचा रेणू दिसायला फॉलिक अ‍ॅसिडसारखाच असतो. पेशींना वाढण्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड लागते, आणि हे औषध त्याच्या कामात अडथळा आणते. आठवड्यातून एकदा छोटा डोस घेतला तर सांध्यांची सूज आटोक्यात राहते. औषध पेशींच्या आत बराच काळ टिकून राहते, म्हणून रोज घेण्याची गरजच नसते. तेच रोज घेतले तर ते साठत जाते आणि ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना सर्वांत आधी फटका बसतो. तोंडाचे आतले अस्तर, आतडे आणि हाडांमधला रक्त तयार करणारा मगज. तोंड येणे ही बहुतेक वेळा पहिली सूचना असते.

आठव्या दिवशी सासूबाईंचा मला फोन आला. "डॉक्टर, तोंड फार आलंय हो. पाणीसुद्धा झोंबतं."

मी ओपीडीत होतो. म्हणालो, "बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घ्या, मध लावा, तिखट बंद करा." त्या मेथोट्रेक्सेटवर आहेत हे मला माहीत होते. मेथोट्रेक्सेटने तोंड येते हेही मी एमबीबीएसला असताना लिहून पास झालो होतो. तरी "कोणती गोळी कशी घेताय?" हा एक प्रश्न मी विचारला नाही.

अकराव्या दिवशी ताप आला, गिळता येईना. नाशिकला दाखल केले तेव्हा पांढऱ्या पेशी १,४०० वर आल्या होत्या आणि प्लेटलेट्स ४२,००० वर. औषध बंद केले, फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शने, अँटिबायोटिक्स, सलाईन. (फोलिनिक हे फॉलिकहून वेगळे. अशा वेळी साध्या फॉलिक अ‍ॅसिडचा उपयोग होत नाही.) तेरा दिवसांनी त्या घरी आल्या. वाचल्या, पण अशा प्रसंगात सगळेच वाचत नाहीत.

त्या तेरा दिवसांतली एक संध्याकाळ मला आठवते. आयसीयूच्या बाहेर बायको दोन्ही रिकाम्या स्ट्रिपा हातात घेऊन बसली होती. ती मला म्हणाली, "अहो, मी बीएस्सी केमिस्ट्री. सतरा वर्षं तुमच्या दवाखान्यात गोळ्यांच्या पुड्या बांधून देतेय. या दोन्ही नावांतला फरक मला वाचता येतो, पण कळत नाही. त्या पोरालाही कळला नाही. मग त्याच्यात आणि माझ्यात काय फरक?"

पुढे ती त्या मेडिकलमध्ये जाऊन आली. भांडायला नाही, विचारायला. भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र होते, फार्मासिस्ट नव्हता. मुलगा मालकाचा भाचा, दहावी झालेला. भारतात १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिले पाहिजे. कायदा जुना आणि स्पष्ट आहे. तरीही आपण सगळेच काउंटरवर जो उभा असेल त्याला "दादा, ही कशी घ्यायची?" असे विचारून मोकळे होतो.

डी. फार्मसीला बारावी सायन्स लागते, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी किंवा गणित घेऊन. तिची बारावी १९९४ ची. गुणपत्रिका कपाटात साड्यांच्या खाली सापडली, कडेला वाळवी लागलेली. त्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. त्यासाठी लग्नाचे प्रमाणपत्र. मग गॅप सर्टिफिकेट. शिक्षणात खंड पडला असेल तर तो का पडला याचे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. कोर्टाबाहेरचा टायपिस्ट साधारण एक-दोन वर्षांचा खंड टाइप करणारा. त्याने विचारले, "किती वर्षं?" ही म्हणाली, "पंचवीस." त्याने चष्मा काढून दोघांकडे पाहिले. कारणाच्या रकान्यात काय लिहायचे यावर आमची तिथेच थोडी चर्चा झाली. शेवटी "कौटुंबिक कारणास्तव" असे लिहिले. ते टाइप होत असताना ती माझ्याकडे बघत होती आणि मी रस्त्याकडे.

पहिल्या दिवशी कॉलेजच्या शिपायाने तिला अडवले, "पालकांनी ऑफिसकडे जा." वर्गात ६० मुले, बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांची. पहिला महिनाभर ती "मॅडम" होती, पुढे "काकू" झाली आणि परीक्षेच्या आधी नोट्स मागायची वेळ आली तेव्हा "ताई".

प्रॅक्टिकलमध्ये ती रमली. भारतीय फार्माकोपियातल्या साध्या सिरपमध्ये वजनाने ६६.७ टक्के साखर असते. कमी पडली तर बुरशी धरते, जास्त झाली तर साखर तळाशी बसते. मुले आकडा पाठ करत होती. हिने त्यांना मुरांबा का टिकतो आणि पाक कच्चा राहिला तर का बिघडतो ते सांगितले. औषधी वनस्पतींच्या तासाला अडुळसा, ज्येष्ठमध, सोनामुखी, सुंठ समोर आले. तिला ती ओळखायला सूक्ष्मदर्शक लागला नाही, वास पुरला. सरांनी मात्र सूक्ष्मदर्शकातल्या आकृत्यांचेच गुण दिले.

पाठांतर हा खरा त्रास होता. रात्री अकराला वाचलेले सकाळी सहाच्या एसटीत आठवेना. जवळचे दिसायला एक चष्मा, फळ्यावरचे दिसायला दुसरा. माझ्या वयाचे पेशंट "आता काही लक्षात राहत नाही" म्हणतात तेव्हा मी एरवी मान हलवतो. तिच्याकडे बघून वाटले की त्यातले बरेचसे झोपेचे आणि दगदगीचे असते. तिने रात्रीचा अभ्यास बंद केला, पहाटे करू लागली आणि वाचलेले तोंडाने मला सांगू लागली. मी दाढी करायचो आणि ती शेड्यूल एच आणि एच-१ मधला फरक सांगायची. तरी पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाली. विषय कोणता, तर मानवी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र. डॉक्टरची बायको! तिच्या आधी मलाच लाज वाटली. ती म्हणाली, "तुम्ही कुठे बसला होता पेपरला?" आणि पुन्हा फॉर्म भरला.

आता माझ्या अज्ञानाबद्दल. एकदा तिने विचारले, "एसआर गोळी कुटून दिली तर काय होतं?" मी वर्षानुवर्षे म्हाताऱ्या पेशंटना "गिळता येत नसेल तर कुटून द्या" असे सांगत आलो होतो. ज्या गोळीवर एसआर, एक्सआर किंवा ईआर लिहिलेले असते ती औषध बारा ते चोवीस तास थोडे थोडे सोडण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की सगळा डोस एकदम रक्तात येतो. पँटोप्राझोलसारख्या गोळीवर आम्लाला तोंड देणारे आवरण असते. ती कुटली तर औषध पोटातल्या आम्लातच नष्ट होते. काही एसआर गोळ्यांवर मधोमध रेघ असते, त्या रेघेवर अर्ध्या करता येतात, पण चुरडायच्या नाहीत. औषध शरीरात गेल्यावर काय करते ते मी शिकलो होतो, गोळी कशी बनते ते नाही. तेव्हापासून कुटून द्यायची वेळ आली तर मी आधी नाव बघतो आणि बहुतेक वेळा सिरप किंवा विरघळणारी गोळी शोधतो.

अभ्यासक्रमानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते, किमान तीन महिने. ते तिने आमच्याच गावातल्या एका दुकानात केले. एका संध्याकाळी तिथून फोन आला. एरवी "अहो" म्हणणारी बाई म्हणाली, "डॉक्टर, तुमची चिठ्ठी आहे. मेट्रोनिडाझोल. या बाईंना असेनोकुमारॉल चालू आहे."

त्या बाईंना जुलाब होत होते. मी विचारले होते, आणखी काही गोळ्या चालू आहेत का? त्या म्हणाल्या, "काही नाही, फक्त रक्ताची एक." रक्ताची गोळी म्हणजे आपल्याकडे लोहाची. मी पुढे लिहीत गेलो. त्यांची गोळी रक्त पातळ करणारी होती, हृदयाची झडप बदलल्यामुळे कायमची. मेट्रोनिडाझोलमुळे असेनोकुमारॉल शरीरात हळू मोडते, रक्त प्रमाणाबाहेर पातळ होते आणि आतून रक्तस्राव होऊ शकतो. काउंटरवर हिने एवढेच म्हटले होते, "मावशी, ती स्ट्रिप आहे का पिशवीत? दाखवा बरं." मी ते औषध काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून आयएनआर तपासला आणि जुलाबांसाठी ओआरएसवरच भागले.

त्या रात्री जेवताना ती या विषयावर काही बोलली नाही. मीच म्हणालो, "रक्ताची म्हणाल्या गं त्या." ती म्हणाली, "मलाही तेच म्हणाल्या."

तेव्हापासून दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे. "चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत आणा." स्ट्रिप कापून आणली असेल तर नावाचा तुकडा आणा. आणि ज्यांना मेथोट्रेक्सेट आहे त्यांच्या चिठ्ठीवर मी "आठवड्यातून एकदा" एवढेच लिहीत नाही, मराठीत वार लिहितो. "फक्त रविवारी. रोज नाही." तोंड आले, ताप आला, धाप लागली, कुठे निळे-काळे डाग पडले तर पुढची गोळी न घेता फोन करा. आणि फोनवर कोणी तुम्हाला, मीसुद्धा, नुसते मध लावायला सांगितले, तर त्याला आधी गोळ्यांची नावे वाचून दाखवा.

२०२५ मध्ये तिची फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली. सध्या ती एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते, दुपारची पाळी. पगार तिच्या वर्गातल्या मुलांएवढाच. सासूबाई आता दुसऱ्या औषधांवर आहेत आणि दर नव्या स्ट्रिपचे नाव फोनवर एकेक अक्षर करून लेकीला वाचून दाखवतात. मला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या बीपीच्या गोळ्या आणायला तीच गेली होती. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "टेल्मिसार्टन किती वर्षं घेताय? पोटॅशियम आणि क्रिएटिनिन शेवटचं कधी केलं?"

मला आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन बसलो. दोन्ही नॉर्मल आले.