गाडीचं अभ्यंग

ऑन्टॅरिओत बर्फाच्या आधी मीठ पडतं. नोव्हेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी पालिकेचे ट्रक रस्त्यावर खाऱ्या पाण्याच्या सरळ रेघा ओढत जातात, आणि सकाळपर्यंत त्या वाळून पांढऱ्या दिसू लागतात. त्याआधी माझ्या जुन्या गाडीची आंघोळ उरकलेली असावी, असा माझा नेम आहे. ऑक्टोबर सरता सरता ऊन कोवळं असतं, नळाचं पाणी हाताला सोसवेल इतपतच गार असतं. तसा एक दिवस मी तिच्यासाठी राखून ठेवते.

हे मीठ फार खोलातून येतं. गॉडरिच गावाजवळ, ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली, सुमारे साडेपाचशे मीटर खोलीवर जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. १८६६ साली तिथे खनिज तेल शोधायला जमिनीत भोक पाडलं आणि हाती मीठ लागलं. चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं ते मीठ! मी वाढले कोकण किनाऱ्यावर. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज पापुद्रे सोडत कसे झिजतात, ते लहानपणापासून पाहिलेलं. समुद्रापासून इतक्या दूर आले, तरी लोखंडाचा वैरी तोच निघाला.

मिठावर माझा राग नाही. त्याच्यामुळे पाणी शून्याखालीही गोठत नाही, रस्ते मोकळे राहतात, माणसं सुखरूप घरी पोचतात. पण तेच न गोठलेलं पाणी पत्र्याच्या सांध्यांत शिरून बसतं आणि तिथे गंज झपाट्याने धरतो. गाडी उबदार गॅरेजात ठेवणं ही माया वाटते खरी. पण अंगाला चिकटलेलं खारं बर्फ तिथे वितळतं आणि उबेत गंजाला जोर चढतो. त्या मानाने बाहेर कडाक्यात उभी असलेली गाडी बरी.

धुण्याची सुरुवात मी चाकांपासून करते. मडगार्डच्या आतल्या काठावरून बोटं फिरवली की उन्हाळाभर साठलेला चिखल ढेकळांनी निघतो. तळ्याकाठच्या कच्च्या रस्त्यांची ती माती भिजली की तिचा वास दरवळतो आणि जुलैतल्या दुपारी आठवतात. मग बॉनेट उघडून काचेखालच्या खाचेतली कुजकी पानं काढायची. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती बुजली की दार आतून कुजतं, म्हणून काडीने एकेक मोकळं करायचं. आत अडकलेलं पाणी ठिबकून गेलं की मलाच हलकं वाटतं.

आतल्या गालिच्यावर मागच्या हिवाळ्यातल्या बुटांनी उमटवलेले मिठाचे पांढरे ओघळ असतात. निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी; कापडाने टिपत राहायचं, घासायचं नाही. सीटच्या रुळांतून वाळू निघते, चिवड्यातले पोहे निघतात. उंच काठांचे रबरी मॅट अंथरायचे. दारांच्या रबरांवरून सिलिकॉनचा बोळा फिरवायचा, म्हणजे थंडीत दार चौकटीला चिकटून गोठत नाही. सगळ्यात शेवटी रंगाची पाळी. एका बादलीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. म्हणजे निघालेली रेती पुन्हा रंगावर घासली जात नाही. मग मेण. जुने ओरखडे तसेच दिसत राहतात, आणि मला ते दिसायला हवे असतात. या गाडीत मुलं झोपली, सामान आलं, विमानतळावर आई-बाबांना घ्यायला आम्ही हिच्यातूनच गेलो.

पूर्ण वाळली की गाडी लिफ्टवर चढते आणि कारागीर तळाला, दारांच्या पोकळीत, उंबऱ्याखालच्या पट्ट्यांत तेलाचा फवारा मारतो. ते सांध्यांत झिरपतं, पाण्याला वाट देत नाही. पुढचे एक-दोन दिवस तेल ठिबकत राहतं, खाली पुठ्ठा पसरावा लागतो. दिवाळीही याच दिवसांत असते. आपण आधी तेल लावून मग स्नान करतो, हिचं आधी स्नान आणि मग तेल, हेही अभ्यंगच.

बाहेरून चकाकणारी गाडी चारचौघांना दिसते. तिचं आयुष्य मात्र ठरतं ते खालच्या, आतल्या, कुणी वाकून न पाहिलेल्या जागी. वापरून जुन्या झालेल्या वस्तूची निगा याच जागांपासून सुरू व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

तुमचीही अशी गाडी असेल तर एक दुपार तिला द्या. हिवाळ्यात पारा शून्याच्या वर चढला की तळ धुऊन घ्या, वसंतात पुन्हा एकदा. जिने इतकी वर्षं आपल्याला वाहिलं, तिचं एवढं देणं आपण लागतोच.