नसलेली वलयं

मोहगाव कलानच्या शेतात शिरलं की चपलेखाली गारगोट्या करकरतात. छिंदवाडा जिल्ह्यातलं हे गाव, म्हणजे आम्हा नागपूरकरांचं शेजारच. लाव्ह्याचा एक लोट थंडावून दुसरा येईतो इथे तळी साचली, काठाला झाडं वाढली आणि सिलिकाने पेशींसकट दगड झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांनी तो दगड नांगराला अडतो आणि शेतकरी वैतागून बांधावर भिरकावतो. माझा निम्मा संग्रह बांधावरचाच.

पुढचं काम कळकट. दगड कापायचा, काचेवर कार्बोरंडमची पूड नि पाणी घेऊन घासत बसायचं, चटणी वाटावी तसं. मग हायड्रोफ्लुओरिक आम्ल. ते सिलिका खातं, पेशीभिंतींचा सेंद्रिय अंश तेवढा उभा राहतो. वर ॲसिटोन ओतून पातळ फिल्म डकवायची, वाळली की अलगद सोलायची. झाड फिल्मवर उतरतं. त्या आम्लाला मी अजून भिते. कातडीतून आत शिरतं आणि कधीकधी बराच वेळ दुखतही नाही.

शिकत असताना एका खोडात वाढीची वलयं दिसेनात. वर्षभर सारखा पाऊस, ऋतू नाहीत, असं ऐटीत लिहून वही सरांपुढे ठेवली. सर म्हणाले, “अगं, हा ताडाच्या कुळातला. दारातल्या नारळाला तरी कुठे वलयं असतात?”

ताड वेगळंच सांगतो. त्याचा कोंब एकच, शेंड्याला; कडाक्याच्या हिमाने तो गेला की झाड गेलं. म्हणून ताड मुबलक, तिथे गोठवणारी थंडी नाही. पावसाळा-उन्हाळा विचारायचा तर सागासारख्या झाडांना. साग ऋतू उघडताच मोठ्या नळ्यांची रांग मांडतो. इथल्या बऱ्याच लाकडांत ती रांग पुसट, नाहीतर नाहीच. पण आजही उष्ण प्रदेशातली कित्येक झाडं कोरडा ऋतू सोसून वलय उमटू देत नाहीत. एका खोडाच्या साक्षीवर हवामान ठरवू नये.

मला भरवसा वाटतो तो निपा नावाच्या ताडाच्या फळाचा. साहनी आणि रोडे या संशोधकांनी १९३७ मध्ये मोहगावहून त्याची नोंद केली. निपा आज सुंदरबनच्या भरतीच्या चिखलात वाढते. छिंदवाड्याहून समुद्र आज शेकडो किलोमीटर दूर; तेव्हा जवळ असावा!

सध्या टेबलावर एक लाकूड आहे. त्यातली रेघ वलय की आम्लाने पाडलेली सुरकुती, ठरत नाही. उद्या पुन्हा घासते.